धाकटीचा चेहरा

अंकिताचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. अंकिता माझी मुलगी, नागपूरला शिकते. तिनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"बाबा, ऋतिकदादाचं स्टेटस पाहा. आत्ताच्या आत्ता."

मी कुणाचं स्टेटस पाहत नाही. तिनंच मग तो फोटो पाठवला. महालक्ष्मीचे दोन मुखवटे एका फळीवर ठेवलेले, मागे रंगायचे राहिलेले गणपती. खाली ऋतिकनं लिहिलं होतं, 'औंदा आमच्या महालक्ष्म्या नव्या रूपात.'

ऋतिक हा माझ्या बायकोच्या चुलत भावाचा, धनंजयचा मुलगा. ते रोहण्याला राहतात. त्यांच्या घरी दर भाद्रपदात ज्या महालक्ष्म्या बसतात, त्यांतल्या धाकटीचा चेहरा माझ्या बायकोचा आहे. वर्षालीचा. ती वैशाखात गेली. आणि नवं रूप द्यायचं म्हणजे तो चेहरा पुसायचा, एवढं मला कळत होतं.

मी धनंजयला फोन लावला.

"भाऊजी, मले काई माहीत नाई," तो म्हणाला. "जागृतीनं पाठवले. बायकाइचं काम हाय ते."

"कुठं पाठवले?"

"वर्ध्यालेच. आर्वी रोडवर गणपतीवाल्याचा शेड हाय ना, रुपेश म्हणून पोरगा हाय, त्याच्याकडं. काऊन, काई झालं का?"

जागृती म्हणजे त्याची बायको. मी फोन ठेवला. बादलीतले कपडे तसेच राहिले. आमचं घर पिपरी मेघेला. तिथून शेड लांब नाही. पण गणपतीचे दिवस जवळ आलेले, रस्ताभर ट्रॅक्टर आणि हातगाड्या. प्रत्येक हातगाडीमागे थांबताना मला वाटत होतं, तिकडं आता एक डोळा गेला असेल.

तो चेहरा तिथं कसा आला ते सांगतो.

वर्षालीचे वडील वासुदेवराव रोहण्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. वर्षाली चार वर्षांची असताना तिची आई आनंदाबाई तापानं गेली. मास्तरांनी दुसरं लग्न केलं नाही. पोरीची वेणी घालायला ते शेजारच्या लीलाबाईंकडून शिकले. पहिले काही महिने ती वाकड्या भांगानं शाळेत जायची आणि मुलं हसायची. मग मास्तरांनी भांग पट्टीनं पाडायला सुरुवात केली. खरोखरची पट्टी, फळ्यावर रेघा मारायची. वर्षाली मला हे सांगायची तेव्हा हसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

शाळेत त्यांच्या तासाला दुसरे मास्तर गणित घ्यायचे. चित्रकलेचा तास म्हणजे रिकामा तास, असं सगळ्यांचं मत होतं. मास्तर भांडायचे नाहीत. शाळा सुटल्यावर मुलांना व्हरांड्यात बसवायचे. एलिमेंटरीच्या परीक्षेला मुलांना घेऊन आर्वीला जायचे तेव्हा पोरगीही सोबत असायची, कारण घरी ठेवायला कुणी नव्हतं. पोळ्याला अर्ध्या गावाच्या बैलांची शिंगं ते रंगवून द्यायचे. कुणी विचारलं की मास्तर, तुम्ही चित्रकार ना, मग शिंगं काऊन रंगवता, तर म्हणायचे, "बैल हलते. हलत्या गोष्टीवर रंग माराले शिकलो म्या."

आनंदाबाईंचा एकच फोटो होता, लग्नातला, त्यात डोक्यावरून पदर आणि मान खाली. चेहरा दिसतच नव्हता. वर्षाली रात्री आईचं तोंड आठवत नाही म्हणून रडायची. आनंदाबाई गेल्या त्याच वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी मास्तरांनी घरातले मुखवटे उतरवले आणि थोरलीला आनंदाबाईंचं तोंड काढलं. आठवणीनं. आणि धाकटीला समोर बसलेल्या पोरीचं. पोरगी आईशेजारी बसलेली दिसावी म्हणून.

तेव्हापासून दर वर्षी. थोरली तशीच राहायची, फक्त रंग उजळायचा. धाकटी मात्र पोरीबरोबर मोठी होत गेली. गावातल्या बायकांना ठाऊक होतं. कुणी वाईट मानलं नाही. दर्शनाला आल्या की थट्टा करायच्या. वर्षालीला दहावीत चष्मा लागला तेव्हा लीलाबाई म्हणाल्या होत्या, "मास्तर, देवीले चष्मा कवा लावता? आमचा निवद दिसत नसन तिले."

लग्न झाल्यावर वर्षाली गणपतीच्या आधी एक दिवस माहेरी जायची. मला वाटायचं, साफसफाईला जाते. दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी मी तिला आणायला गेलो तर ती खिडकीजवळ पाटावर बसलेली आणि मास्तर मुखवटा मांडीत घेऊन तिच्याकडं बघत होते. मी दारात उभा राहिलो.

"बसा जवाईबुवा," मास्तर न वळता म्हणाले. "उजेडात नका येऊ."

"बाबा, किती वेळ? मान दुखून राह्यली."

"हलू नको."

शेवटी मुखवटा वळवून त्यांनी तिला दाखवला. तिनं बघितलं आणि म्हणाली, "म्हातारी केली तुम्ही मले."

"तू झाली. म्या नाई केली."

"आन् नाक? नाक दर सालाले जाड होऊन राह्यलं हिचं."

"ते देवीचं नाक हाय," मास्तर म्हणाले. "त्यात म्या काई करू शकत नाई."

मी सेवाग्रामला दवाखान्याच्या लॉन्ड्रीत काम केलं, आयुष्यभर चादरी धुतल्या. चित्रातलं मला काही कळत नाही. पण त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली. बाप तिच्याकडं बघत होता तेव्हा तिचा चेहरा जसा झाला होता तसा तो माझ्यासमोर कधी होत नसे. आमचा संसार चांगला झाला, मी तक्रार करत नाही. पण बापापुढं ती काही न करता बसू शकायची. माझ्यापुढं ती सतत उठायची, चहा, भाजी, अंकिताचा डबा. तो चेहरा फक्त धाकटीवर होता.

मास्तर गेले तेव्हा त्यांना मुलगा नव्हता. घरातल्या महालक्ष्म्या मुलीला देता येत नाहीत, म्हणून त्या पुतण्याकडं, धनंजयकडं गेल्या. मास्तरांच्या शेवटच्या भाद्रपदात त्यांचा हात थरथरत होता, तरी त्यांनी तिला बसवलंच. त्यानंतर मुखवट्यांना कुणी हात लावला नाही. पुढं वर्षाली आजारी पडली. ती गेली त्या वॉर्डच्या चादरी माझ्याच विभागातून धुऊन जायच्या. मी कामावर परत गेलो आणि गठ्ठे उचलताना मला कळेना की यातली कोणती. तेव्हा मी वेळेआधी निवृत्ती घेतली.

लोक म्हणतात, फोटो आहेत ना. आहेत. मोबाइलमध्ये भरपूर आहेत. सगळ्यांत ती मोबाइलकडं बघते.

शेडमध्ये शिरलो तेव्हा गणपतींच्या रांगांतून वाट काढणं कठीण होतं.

"ओ काका, अंग चोरून या, ओलं हाय सगळं," आतून कुणी ओरडलं. तोच रुपेश. तिशीचा असेल. हातात पॉलिशपेपर, समोर पाण्याची वाटी, आणि मांडीवर मुखवटा.

फळीवर एक पांढरं डोकं ठेवलेलं होतं. डोळे नाहीत, ओठ नाहीत. ती थोरली होती. आनंदाबाई. ती संपली होती.

"थांब," मी म्हणालो. "थांब, थांब, थांब."

तो घाबरून थांबला. मी त्याच्या मांडीवरचा मुखवटा पाहिला. उजवी बाजू गेली होती. कपाळ गेलं होतं. डावा डोळा, गाल आणि अर्धे ओठ राहिले होते. भुवईची रेघ मधेच थरथरलेली होती, मास्तरांच्या शेवटच्या वर्षाची.

"हे माझ्या बायकोचं तोंड हाय," मी म्हणालो.

रुपेशनं माझ्याकडं पाहिलं, मग मुखवट्याकडं. त्याला वाटलं असेल, मी प्यायलोय. "काका, पार्टीनं सांगतलं, सगळं काढून नवीन तोंड करा. म्या आपलं काम करून राह्यलो."

"पार्टीला फोन लाव."

त्यानं लावला. जागृती वर्ध्यातच होती. सून रुचिकाला घेऊन ती सेवाग्रामला तपासणीला आली होती. "तिथंच थांबा, येते मी," ती म्हणाली. आवाजावरून कळलं की तिला हे कधीतरी होणार हे माहीत होतं.

तोवर मी एका उलट्या बादलीवर बसून त्याला मास्तरांचं सांगत राहिलो. रुपेश दुसरं काम घेऊन बसला, पण मुखवटा त्यानं माझ्या हातात दिला नाही. बरोबर केलं. दिला असता तर मी घेऊन पळालो असतो.

जागृती आली तेव्हा तिला धाप लागली होती. रुचिका ऑटोतच बसली होती, पाठ शेडकडं करून.

"भाऊजी, चहा घेतला का?" जागृती म्हणाली.

"हे काऊन केलं?"

"बसा तं खरं."

"बसलोच आहे. काऊन केलं ते सांग. मले विचारलं नाई, अंकिताले विचारलं नाई."

"विचारलं असतं तं तुम्ही हो म्हणलं असतं?"

ती समोर खाली बसली, रंगाच्या डब्यांमधे.

"गेल्या साली या पोरीचं पोट महालक्ष्म्या उठल्यावर तिसऱ्याच दिवशी खाली झालं," ती हळू म्हणाली. "औंदा पुन्हा दिवस हायेत. मग वर्षाली गेली. आता कोणीतरी हिच्या डोक्यात घातलं का दोन्ही देव्याइचे तोंडं मेलेल्या बायकाइचे हायेत. दोन मेलेल्या बायका आपल्या घरात जेवाले बसते. जेवत नाई ती, झोपत नाई. देवघराकडं पाहत नाई."

"म्हणजे माझी बायको चेटकीण झाली."

"भाऊजी!"

"मग काय म्हणून राह्यली तू?"

"माझ्या नणंदेले म्या असं म्हणन का?" तिचे डोळे भरले, पण आवाज चढला. "ऋतिकच्या वेळी माझं बाळंतपण कोणी केलं? माझी माय नाई आली, वर्षाली आली होती. तिच्या हातचा डिंकाचा लाडू म्या खाल्ला. तुम्ही एकटेच रडून राह्यले का तिच्यासाठी?"

हे मला आवडलं नाही. खरं होतं म्हणून आवडलं नाही.

मी म्हणालो, "मी नवे मुखवटे आणून देतो. आत्ता, याच्याकडूनच. हा मला दे. अर्धा उरला आहे तेवढाच दे."

"नवे बसवले तं जुने शिरवावं लागते, नदीत. ठाऊक हाय तुम्हाले. पूजलेली देवी कोणाच्या कपाटात ठेवता येते का?"

"मी शिरवतो. माझ्याकडं दे, मी जातो नदीवर."

जागृती माझ्याकडं बघत राहिली. तिला कळलं. ती उठली आणि ऑटोकडं गेली. मला वाटलं, ही निघून चालली. पण ती रुचिकाला हाताला धरून घेऊन आली. पोरगी दारातच थांबली, पोटावर ओढणी धरून. मुखवट्याकडं तिनं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

"मामाजी, घेऊन जा," ती म्हणाली. "आई नाई म्हणणार नाई, मी सांगते तिले. फक्त शिरवलं का नाई ते मले खरं सांगजा. तुम्ही हो म्हणसान तं मी खरं धरीन. मग मले झोप येईन."

मी हो म्हणू शकत होतो. एवढंच करायचं होतं. पिशवीत घालून घरी न्यायचा, वर्षालीच्या साडीत गुंडाळायचा, कपाटात ठेवायचा. पोरगी झोपली असती. तिला कधी कळलं नसतं.

पण पुढं काही वाईट झालं असतं तर? मी देवाधर्मातला माणूस नाही. वाईट होतच असतं, कुणाच्याही घरी. तिच्या घरी झालं असतं आणि माझ्या कपाटात तो चेहरा असता, तर मी त्याच्याकडं पुन्हा बघू शकलो नसतो.

मग खरंच शिरवायचा. मी नदी डोळ्यांपुढं आणली. वैशाखात आम्ही वर्षालीची राख घेऊन वर्धा नदीवर गेलो होतो. पाणी घोट्याएवढं. राख वाहून जाईना. ती माझ्या पायांभोवती गोल फिरत राहिली. मला वाकून हातानं ढकलावी लागली, जा, जा म्हणत. अंकिता काठावर उभी राहून बघत होती. आता नदीला पाणी भरपूर होतं, मुखवटा क्षणात गेला असता. ते मला माहीत होतं. तरी माझे हात उठले नसते. मी तिला एकदा माझ्या हातानं ढकललं आहे. पुन्हा ढकलणार नाही.

"नको," मी म्हणालो. "घासू दे त्याला."

जागृतीनं पदर तोंडाला लावला. "तुम्ही थांबू नका इथं, भाऊजी. पाहू नका."

"तू पोरीला घरी ने. उन्हात आहे ती."

त्या गेल्या. जाताना रुचिका वाकून माझ्या पाया पडली, मी नको नको म्हणेपर्यंत. ऑटो सुरू झाल्याचा आवाज आला आणि मग शेडमध्ये नुसता कुठल्यातरी रेडिओचा आवाज राहिला.

रुपेशनं कागद पाण्यात बुडवला. "काका, करू ना?"

"कर. हळू कर."

त्यानं डाव्या डोळ्यापासून सुरुवात केली. गोल गोल, हलक्या हातानं. थरथरलेली भुवई गेली. पापणी गेली. मला वाटलं, आता खाली पांढरं दिसेल. पण रुपेश थांबला. त्यानं ओल्या फडक्यानं पुसलं आणि मुखवटा उजेडाकडं धरला.

"च्यायला," तो म्हणाला. "खाली अजून एक हाय."

खाली डोळा होता. तोच डोळा, पण भुवई सरळ, एका दमात काढलेली.

"उजव्या बाजूनं घाईत घासाचं यंत्र मारलं होतं, तवा काई दिसलं नाई," रुपेश म्हणाला. "तुमच्या मास्तरनं जुना रंग कधी काढलाच नाई, काका. वरूनच मारत गेले. असा रंग धरत नाई, पोपडे येते. कोणी असं करत नाई. म्हणून तं नाक एवढं जाड झालं."

मी त्याच्याजवळ सरकलो. "थोरलीचंही असंच होतं?"

"तिलेही यंत्रच मारलं."

आनंदाबाईंसाठी कुणी धावत आलं नव्हतं.

रुपेशनं यंत्र बाजूला सारलं होतं ते पुन्हा घेतलं नाही. बाहेर लोक गणपतीची चौकशी करायला येत होते, तो त्यांना "उद्या या" म्हणून परत पाठवत होता. तो एक थर घासायचा, पुसायचा, मुखवटा माझ्याकडं वळवायचा, मी मान हलवली की पुढचा.

एका थरात डोळ्याखाली सुजलेलं होतं. ते अंकिताच्या जन्माचं वर्ष असणार, ती रात्रभर रडायची आणि वर्षाली झोपायची नाही. मास्तरांनी ती सूजही काढली होती. एका थरात रंगच वेगळा, पिवळट, शाळेच्या फलकांचा असावा. दुकानातला आणायला त्या वर्षी काय अडचण आली, ते आता सांगायला कुणी नाही. एका थरात डोळा चमकत होता, कडेला बघत होता. आमचं लग्न ठरलं ते वर्ष असेल का? की त्याच्या आधीचं, आणि ती दुसऱ्याच कशाला हसत होती? मला माहीत नाही. त्याच्या खालच्या कुठल्याच थरात मी नव्हतो. तिथं ती मला ओळखत नव्हती.

जसजसं खाली जात होतो तसतसा डोळा गालापुढं मोठा होत गेला. पोरींचे डोळे मोठेच असतात. आणि रेघ बदलत गेली. वर जी मोजकी होती ती खाली जाड, घाबरलेली. खालच्या थरांत मास्तरच तरुण होते. बायको मेलेला, पोरीची वेणी न येणारा एक माणूस. मी इतकी वर्षं त्यांना म्हातारं समजत होतो. तो माणूस त्या वेळी माझ्यापेक्षा किती लहान होता, आणि त्यानं काय केलं, आणि मी काय करतोय.

मी रडत होतो. रुपेशनं पाहिलं नाही असं दाखवलं.

अगदी खाली चार वर्षांच्या पोरीचा डोळा निघाला. वाकडा जमला होता. पापण्यांच्या कडेला मास्तरांनी पांढऱ्या रंगाचा एक बारीक ठिपका दिला होता. ते पाणी होतं. आई गेल्यानंतरचा पहिला भाद्रपद. पोरगी पाटावर बसून रडत होती आणि बाप तिला हलू नको म्हणत होता.

"थांबू का?" रुपेशनं विचारलं.

मला हो म्हणायचं होतं. मी तोंडही उघडलं. ऑटोत पाठ करून बसलेली पोरगी डोळ्यांपुढं होती, तरी मला हो म्हणायचं होतं.

"नको," मी म्हणालो.

तो ठिपका एका हातासरशी गेला. त्याखाली कुठल्यातरी कारागिरानं कधीतरी काढलेला बाजारातला डोळा होता, लांब, काळा, कुणाकडंच न बघणारा. मग तोही गेला. मग नुसती पांढरी माती.

रुपेशनं मुखवटा धुतला आणि थोरलीशेजारी फळीवर ठेवला. दोन पांढरी डोकी. आता कोण आई आणि कोण लेक, ते मला ओळखता येईना. त्यानं पंख्याचं तोंड तिकडं वळवलं आणि हात पुसत माझ्याशेजारी बसला.

"काका, उद्या पहिला हात मारीन. तुम्ही सांगसान तं डोळे तसे काढून पाहतो. आता पाहून पाहून आले मले. कोणाले कळणार नाई."

बाहेर कुणीतरी हाका मारत होतं, रुपेशभाऊ, रुपेशभाऊ. तो उठला नाही. माझ्या उत्तराची वाट बघत बसला.

"नको," मी म्हणालो. "कुणासारखे नको काढू."